साडेचारचं ऊन

१ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा अकोल्यापासून वेगळा निघाला. वाटणीत वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे तालुके आले, काही डुगडुगती टेबलं आली, फायली तर पुष्कळच आल्या. ऊन मात्र अकोल्याकडेच राहिलं. निदान टीव्हीवाल्यांची तशी समजूत आहे. एप्रिल लागला की ते रोज अकोल्याचा आकडा सांगतात, मग चंद्रपूरचा, मग ब्रह्मपुरीचा. वाशिमचं नाव आलंच तर खाली पळणाऱ्या पट्टीवर येतं आणि चष्मा सापडेपर्यंत निघून जातं. इथल्या माणसाला हे फार लागतं. अकोला नाक्यावर भर दुपारी उभ्या केलेल्या मोटारसायकलच्या सीटवर तो पाहुण्याला हात ठेवायला लावतो आणि विचारतो, "आता सांगा, हे कोन्या जिल्ह्याचं ऊन हाय?"

या उन्हाशी लढायची आमची हत्यारं ठरलेली. होळी झाली की कूलर बाहेर निघतो, खसच्या जुन्या ताट्या फेकून नव्या बसतात आणि मागच्या वर्षी 'चालू असतानाच ठेवला होता' तो पंप हटकून बंद निघतो. बाहेर पडताना डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा. कांद्याने ऊन कसं टळतं हे विचारायचं नाही. माझा अंदाज असा, की खिशात कांदा असलेल्या माणसाजवळ कोणी गप्पा मारत थांबत नाही, त्यामुळे तो लवकर घरी पोचतो. मेच्या २५ तारखेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि नवतपा सुरू होतो. त्याआधी स्लॅबवर चुन्याचा एक हात फिरवून घ्यायचा. एवढं केलं की माणसाने आपलं कर्तव्य केलं, पुढचं देवावर आणि पाऊस कधी येईल त्यावर.

या सगळ्यात अलीकडे एक नवीन वस्तू शिरली आहे. खिडकीच्या काचेला लावायची फिल्म. दुकानदार तिला सनकंट्रोल म्हणतो, पोरं काळी फिल्म म्हणतात आणि घरातल्या बाया 'ते काळं' म्हणतात. ही वस्तू मिळते रेडियमच्या दुकानात. तिथेच गाडीची नंबरप्लेट बनते, ऑटोच्या मागचं 'आईची कृपा' कापून मिळतं आणि नवरदेवाच्या गाडीवर चिकटवायची दोघांची नावंही तिथेच होतात.

ती घरांवर कशी आली याचा माझ्यापुरता एक इतिहास आहे. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोटारींच्या काचांवरच्या फिल्म उतरवायला लावल्या. काच कारखान्यातून येतानाच पुढून-मागून किमान ७० टक्के आणि बाजूंनी ५० टक्के उजेड आत सोडणारी असावी, वरून कोणी काही चिकटवू नये, असा तो निकाल. झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांपुरती सवलतीची वाट ठेवलेली होती. आमच्याकडे झेड सुरक्षेचा माणूस औषधाला सापडायचा नाही, पण आपल्याला ती मिळायला हवी होती असं मानणारे प्रत्येक चौकात दोघे-तिघे. त्यांच्या गाड्या एका महिन्यात पारदर्शक झाल्या आणि आत कोणीच महत्त्वाचं बसलेलं नसतं हे गावाला कळलं. इकडे रेडियमवाल्यांकडे रोल पडून राहिले. घराला मोटार वाहन कायदा लागत नाही, हे कोणाच्या तरी ध्यानात आलं असणार. कारण आमच्या लेआउटात पहिली काळी खिडकी झाली ती एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टरभाऊंची, आणि तिच्या एका काचेवरचा फिल्मचा तुकडा नीट पाहिला तर तो हुबेहूब बोलेरोच्या मागच्या दाराच्या आकाराचा आहे.

फिल्म येण्यापूर्वी हे काम वर्तमानपत्रं करायची. कणकेची खळ शिजवायची आणि 'देशोन्नती'चं पान न्हाणीच्या काचेला चिकटवायचं. कोणतं पान आतल्या बाजूला ठेवायचं यावर घरात विचारविनिमय होई. निधनवार्तांचं नको, सिनेमाचं तर नकोच. शेवटी बाजारभावांवर एकमत व्हायचं. ते पान वर्षानुवर्षं तिथेच राही आणि सोयाबीनचा एकेकाळचा भाव वाचत बसल्यामुळे घरातल्या शेतकऱ्याला अंघोळीला उशीर लागे. पुढे खळीच्या वासाने झुरळं यायची आणि भावाचे आकडे खाऊन टाकायची.

आमच्या आजोबांच्या घराला फिल्म लावायची म्हटली असती, तर आधी काच शोधावी लागली असती. पांढऱ्या मातीच्या दोन हात जाड भिंती, वर धाबं आणि उजेडापुरता वितभर झरोका. दुपारी आत शिरलं की आधी काहीच दिसायचं नाही, मग गारवा लागायचा, मग हळूहळू आजी दिसायची. तेवढं पुरे होतं. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव, त्याने अजिंठ्याचं सोळावं लेणं खोदवून घेतलं. म्हणजे ऊन टाळायचं तर सरळ डोंगरात शिरावं, हे इथल्या राज्यकर्त्यांना दीड हजार वर्षांपूर्वी समजलं होतं.

आम्ही डोंगरातून बाहेर आलो आणि लेआउट पाडले. पुण्याला हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलाच्या फ्लॅटला भिंतभर खिडकी असते, म्हणून वडिलांनी लाखाळ्यात बांधलेल्या घरालाही तेवढीच. तिकडच्या खिडकीतून निदान टेकडी दिसते म्हणतात, इकडच्या खिडकीतून समोरच्याची पाण्याची टाकी आणि तिच्यावर लिहिलेली तिची क्षमता दिसते. आधी खिडकी सहा फुटांची करायची. मग ऊन येतं म्हणून पडदा, पडदा कूलरच्या वाऱ्याने उडतो म्हणून त्याला खाली चिमटे, चिमटे बरे दिसत नाहीत म्हणून फिल्म. माझं स्पष्ट मत आहे, की वऱ्हाडात घराचा नकाशा मंजूर करताना खिडकीच्या आकाराचं कारण लेखी मागावं. भिंत काचेपेक्षा स्वस्त पडते. पण लहान खिडकीचं घर गरिबाचं, असं एकदा ठरलं की मोठ्या खिडकीमागे घाम पुसत बसायची कोणाचीच हरकत नसते.

आता गुरुजींकडे येतो. आमच्या लेआउटातले हे गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवून निवृत्त झाले. वाशिम साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे २० मेच्या आसपास सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. गुरुजी दरवर्षी त्या दिवसांत अंगणात काठी रोवतात आणि लेआउटातल्या लेकरांना तिची सावली नाहीशी होताना दाखवतात. बाराला नाही, बारा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास, कारण भारताचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर चालतं आणि वाशिमचा सूर्य वाशिमच्या वेळेवर. जुलैत परतताना तो पुन्हा एकदा माथ्यावरून जातो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं आणि लेकरं शाळेत असतात.

अशा माणसाला फिल्म कोणत्या खिडकीला लावावी हे रेडियमवाल्याला विचारायची गरज नव्हती. मे महिन्यात दक्षिणेच्या खिडकीत दुपारचं ऊन शिरतच नाही, आणि संध्याकाळी सूर्य सरळ पश्चिमेला न मावळता वायव्येकडे कलतो. तेव्हा गुन्हेगार म्हणजे माडीवरच्या खोलीची पश्चिमेची खिडकी. पुण्याच्या मुलाला फोन गेला. मुलगा म्हणाला, "बाबा, मी रोल पाठवतो. फक्त साबणाचं पाणी मारायचं आणि चिकटवायचं. अर्ध्या तासाचं काम आहे." लांबच्या माणसाला प्रत्येक काम अर्ध्या तासाचंच दिसतं.

रोल आला त्या दिवशी गुरुजींनी ओट्यावर जमलेल्या मंडळींना फिल्ममागचं शास्त्र सांगितलं. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेतली निम्म्याच्या आसपास डोळ्यांना दिसतच नाही. साधी काच तिला फारसं अडवत नाही. ती आत येते, पलंगावर, कपाटावर, भिंतीवर पडते, त्या वस्तू तापतात आणि स्वतः उष्णता सोडायला लागतात. ही दुसरी उष्णता लांब लहरींची असते. तिला मात्र काच बाहेर जाऊ देत नाही.

"म्हंजे चढाले मुभा अन् उतराले मनाई," कंडक्टरभाऊ म्हणाले.

"बरोबर. म्हणून चढतानाच अडवायचं."

"थे आमाले तीस वर्षं जमलं नाही गुर्जी."

फिल्मच्याही जाती असतात. नुसती रंगवलेली काळी फिल्म ऊन शोषून घेते, म्हणजे खोलीऐवजी आधी काच तापते आणि मग सावकाश खोली. चकचकीत फिल्मवर धातूचा अगदी पातळ थर असतो, ती ऊन परत पाठवते. गुरुजींनी शास्त्राला धरून चकचकीत मागवली होती. परत पाठवलेलं ऊन कुठे जातं, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही.

लावण्याचा कार्यक्रम रविवारी सकाळी ठरला. मुलाने पाठवलेल्या व्हिडिओत एक गोरा गृहस्थ मोकळ्या, भल्यामोठ्या काचेवर शीळ घालत फिल्म पसरतो. त्याच्या खिडकीला ग्रिल नाही. गुरुजींच्या खिडकीला आतून लोखंडी ग्रिल, तीही बाजारात नवीन डिझाइन आलं होतं तेव्हाची, मोर आणि वेलबुट्टीची. मोराच्या पोटातून हात घालून पलीकडच्या काचेवर रबरी पट्टी ओढता येत नाही. तेव्हा सरकत्या खिडकीचे पल्ले रुळावरून उचलून खाली अंगणात आणावे लागले. पल्ले निघाले तशा रुळात अडकलेल्या मेलेल्या पाकोळ्या, एक पेन आणि नातवाची हरवलेली सोंगटी निघाली. अर्धा तास इथेच संपला.

फवारणीसाठी एक रुपयावाली शॅम्पूची पुडी पाण्यात कालवली. पाणी बोअरचं, म्हणजे जड. ते वाळलं की पांढरे डाग मागे ठेवतं. गुरुजींच्या पत्नीने आरओचं पाणी द्यायला नकार दिला, 'काचेले प्यायचं पाणी कायले पायजे' म्हणून. तोपर्यंत अंगणात मदतीला माणसं जमली होती. आमच्याकडे शेजाऱ्याच्या घरी काही चिकटवणं, खोदणं किंवा चढवणं चालू असेल तर तिथे न जाणं असभ्य समजतात. काम करणारे दोन आणि सांगणारे अकरा, हे प्रमाण मी पुसद नाक्यापासून रिसोडपर्यंत कुठेही बदललेलं पाहिलेलं नाही.

फिल्मला पाठीमागून एक पारदर्शक कागद चिकटलेला असतो. तो सोलून काढायचा आणि फिल्म काचेला लावायची. दोन्ही थर नखाने सुटे होत नाहीत, म्हणून कोपऱ्यावर पुढून-मागून चिकटपट्टीचे तुकडे लावून ओढायचे असतात. हे कंडक्टरभाऊंनी केलं आणि नीट केलं, फक्त सुटा झालेला पारदर्शक कागद मोठ्या प्रेमाने काचेवर बसवला आणि फिल्म मातीत ठेवली. मंडळींनी काच निरखून पाहिली. एकजण म्हणाला, "भारीतली दिसते. लावली हे कळूनच नाही राह्यलं."

दुसऱ्या तुकड्याला यश आलं. पण मे महिन्यातल्या वाशिमात धूळ बसू न देता काही चिकटवणं हे मुळातच धाडस. फिल्म काचेला टेकणार एवढ्यात रस्त्यावरून वावटळ आली आणि फिल्मखाली लेआउटाच्या मातीचा नमुना कायमचा जतन झाला. कडेला केसभर जागा सोडून ब्लेडने कापायचं, मधून बाहेरच्या बाजूला पाणी ओढत न्यायचं आणि राहिलेल्या बुडबुड्यांकडे दोन-तीन आठवडे दुर्लक्ष करायचं, कारण आतलं पाणी हळूहळू सुकतं. हा शेवटचा नियम सगळ्यांत कठीण. आमच्या मंडळींना बुडबुडा दिसला की अंगठा आपोआप पुढे जातो. ज्याने त्याने येता-जाता एकेक दाबला आणि प्रत्येक बुडबुडा शेजारच्या जागी राहायला गेला.

संध्याकाळी पल्ले परत बसले. गुरुजी वर जाऊन पलंगावर पडले, डोळ्यांना खरंच बरं वाटलं. पण उन्हाळ्यात त्या खोलीला उत्तरेच्या खिडकीत कूलर आहे. कूलरची हवा आत यायची तर आतली हवा कुठून तरी बाहेर जावी लागते, नाहीतर खोलीत नुसती ओल साचते आणि मीठ पाघळतं. बाहेर जाण्याची वाट एकच, पश्चिमेची खिडकी. म्हणजे कूलर चालू झाला की ती उघडायची. सरकती खिडकी उघडली की एक पल्ला दुसऱ्याच्या मागे जातो. झालं असं, की अर्ध्या खिडकीला दुहेरी फिल्म आणि अर्धी साफ मोकळी. त्या मोकळ्या अर्ध्यातून सूर्य पूर्वीप्रमाणे पलंगावर येऊन बसला.

मुलाने रात्री फोनवर विचारलं, "फरक पडला का?"

"पडला," गुरुजी म्हणाले.

खरा फरक पडला तो समोर. समोरच्या काकूंचं घर बैठं आणि पूर्वेला तोंड करून. दुपार कलली की त्यांचा ओटा सावलीत येतो आणि लेआउटातल्या बायांची बैठक तिथे भरते. तांदूळ निवडणं चालतं, कोणाच्या सुनेचं काय चाललंय ते निवडणंही चालतं. फिल्म लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी साडेचारच्या सुमारास या ओट्यावर ऊन आलं. पूर्वेच्या ओट्यावर संध्याकाळचं ऊन. बाया उठून डावीकडे सरकल्या, ऊनही सरकलं. मग सगळ्यांनी एकदम वर पाहिलं आणि काकू रस्ता ओलांडून आल्या.

"गुर्जी, तुमचं ऊन आमच्याइकडं येऊन राह्यलं."

"माझं ऊन?"

"मंग कोनाचं? तुमच्या खिडकीतून निंगालं ना थे."

गुरुजींनी आपतन कोन आणि परावर्तन कोन समान असतात हे समजावून सांगितलं. सूर्य त्या वेळी क्षितिजापासून साधारण ३० अंशांवर, माडीची खिडकी एवढी उंच, रस्ता एवढा रुंद, तेव्हा किरण नेमके ओट्यावर पडणार, यात निसर्गनियमाचा दोष.

"कोन राहू द्या तुमच्यापाशी," काकू म्हणाल्या, "ऊन तेवढं वापस घ्या."

दोन दिवस ताणाताणी चालली. तिसऱ्या दिवशी काकूंना सुचलं, की ओट्याच्या त्या टोकाला कुरडयांची प्लास्टिकची चटई सरकवली तर त्यांना तासभर ऊन जास्त मिळतं. गच्चीवर चढायला नको, माकडांची भीती नाही, बसल्या जागी राखण. मग बाजूच्या घरचे पापडही तिथे आले. आता ओरड उलट बाजूने सुरू झाली. गुरुजींनी कूलर लावला, पल्ला सरकला, की समोरून हाक येई, "आज अर्धंच पाठवलं का हो?" आभाळ आलं तरी जाब गुरुजींनाच. एका मावशींनी तर चतुर्थीच्या दिवशी थोडं लवकर सोडता येईल का म्हणून विचारलं.

या दरम्यान एका बुलबुलानेही फिल्मची दखल घेतली. काचेत दिसणारा दुसरा बुलबुल आपल्या हद्दीत शिरलाय असा त्याचा समज. तो सकाळी कामावर यायचा आणि दुपारच्या उन्हापर्यंत स्वतःशी भांडायचा. गुरुजींच्या पत्नी त्याला 'भाऊबंदकी' म्हणत.

पण फिल्मची खरी कीर्ती रात्रीची. पाकिटावर छापलेलं होतं, की आतून बाहेरचं दिसेल, बाहेरून आतलं दिसणार नाही. हे खरं, पण दिवसा. ही फिल्म माणूस ओळखत नाही, ती फक्त उजेड ओळखते. ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूच्याला आरसा दिसतो आणि अंधारातल्याला पलीकडचं दृश्य. सूर्य मावळून खोलीत ट्यूबलाइट लागली, की पाकिटावरचं वाक्य उलटं वाचायचं असतं. तसं कोणी छापत नाही.

गुरुजींना हे शास्त्र ठाऊक नव्हतं असं म्हणवत नाही, पण शिकवलेलं सगळंच आपल्याला वेळेवर आठवतं असं नाही. त्यातून ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या अध्यक्षपदाची निवड जवळ आली होती. रात्री जेवण झालं की गुरुजी वरच्या खोलीत जात, दार लावत. खिडकीत त्यांना स्वतःचं पूर्णाकृती प्रतिबिंब मिळे. त्याच्यासमोर बनियनवर उभं राहून ते भाषणाची तयारी करत. हातवारे, मधला विराम, कुठे चष्मा काढायचा, कुठे परत घालायचा, सगळं.

आता उन्हाळ्यात वाशिमातली माणसं रात्री कुठे असतात? गच्चीवर. समोरच्या काकूंची गच्ची माडीच्या खिडकीच्या बरोबर उंचीवर. तिच्या डाव्या-उजव्या हाताच्या गच्च्याही तशाच. पाणी मारून थंड केलेल्या स्लॅबवर गाद्या पडलेल्या, माठ भरलेले, लाइनचा भरवसा नाही म्हणून मोबाइल वाचवून ठेवलेले, आणि समोर अंधारात एक उजळलेली चौकट. आवाज ऐकू यायचा कारण कूलरसाठी अर्धी खिडकी उघडी. लहान पोरं पहिल्या रांगेत आणली जात. काकूंचे सासरे १९७१च्या युद्धात मुंबईला गिरणीत होते. तेव्हा ब्लॅकआउटमध्ये खिडक्यांना काळे कागद लावायचे आणि फट राहिली की गल्लीतून 'लाइट बंद करा' म्हणून आरोळी यायची. पहिल्या रात्री सवयीने ते ओरडायला उठले, पण बाकीच्यांनी त्यांना खाली बसवलं.

कोणी गुरुजींना सांगितलं नाही. यात दुष्टपणा नव्हता. करमणूक फुकट होती आणि भाषण दिवसेंदिवस खरोखर सुधारत होतं. शेवटी निवडीच्या आदल्या सकाळी कंडक्टरभाऊंना राहवलं नाही. दूध घेऊन येताना ते फाटकापाशी थांबले.

"गुर्जी, थे पान्याच्या टाकीवालं झालं ना, की जराकसं थांबा. लगेच रस्त्यावर नका येऊ. टाळ्या तिथं पडतीन."

गुरुजी अध्यक्ष झाले, बिनविरोध. भाषण सगळ्यांना पाठ होतं, त्यामुळे टाळ्या कुठेही चुकल्या नाहीत. त्या संध्याकाळपासून खिडकीच्या आतून जाड पडदाही लागला, खालून चिमटे लावून.

नवतप्यात एकदा मी आणि कंडक्टरभाऊ त्या खोलीत बसलो होतो. फिल्म लागलेली, पडदा ओढलेला, कूलर घरघरतोय आणि तरी वरून धग येतेय. येणारच. भर उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर असतो तेव्हा त्याचा मारा सगळा स्लॅबवर. दिवसभर स्लॅब ऊन पितो आणि रात्री उशिरापर्यंत सावकाश खाली सोडतो. खिडकी त्या मानाने साडेचारपुरती.

"सूर्य डोक्यावर," कंडक्टरभाऊ म्हणाले, "अन् आपण खिडकी झाकून राह्यलो. चुना मारा ना गुर्जी औंदा, तुमच्याच स्लॅबले राह्यला."

"मारतो," गुरुजी म्हणाले. "माहीत आहे मला. पण पोरानं पाठवली होती ना. चुना काही कुरिअरनं येत नाही."

यावर आम्ही दोघांनीही फिल्म चांगली आहे असं सांगितलं.

कंडक्टरभाऊंच्या स्वतःच्या बैठकीतली फिल्म मात्र आता म्हातारी झाली आहे. नुसता रंग भरलेल्या फिल्मचा रंग उन्हाने उडतो आणि मागे जांभळट छटा उरते. काढायला जावं तर ती सलग निघत नाही, नखाएवढ्या कपच्या निघतात आणि डिंक काचेलाच राहतो. म्हणून ती आहे तशी आहे. त्या बैठकीत बसलेला प्रत्येक माणूस जांभळा दिसतो. नवीन माणूस आत आला की आधी घरच्यांच्या तब्येतीची चौकशी करतो.

गेल्या उन्हाळ्यात त्याच बैठकीत भाऊंच्या पुतणीला पाहायला पाहुणे आले. पोरगी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेली, मातीपरीक्षणाचं काम करते, दिवस दिवस शेतात फिरते. मुलाचा मामा रंगाच्या बाबतीत फार काटेकोर. त्याने चष्मा पुसला, पुन्हा घातला, पोरीकडे पाहिलं, मग मुलाच्या आईकडे पाहिलं, तर तीही जांभळी. शेवटी तो घसा खाकरून म्हणाला, "इथं काही समजून नाही राह्यलं. पोरीले जराकशी उजेडात आनता का?"

भाऊ काही बोलायच्या आत पोरगीच उठली.

"उन्हातच पाहाचं असंल तर चला ना मामा अंगनात. साडेचार वाजून राह्यले, समोरून ऊनही चांगलं येते. पन तुमच्या पोरालेही घ्या संगं, अन् येतानी त्याची टोपी काढून आना."

टोपी निघाली नाही. आलूपोहे मात्र पाहुण्यांनी दोनदा घेतले.